टपालखर्च वेगळा

मराठी पुस्तकांच्या आणि नियतकालिकांच्या जाहिरातींत किमतीच्या पुढे बारीक टाइपात 'टपालखर्च वेगळा' असे छापलेले असते. हे दोन शब्द आपण इतक्या वेळा पाहिले आहेत की आता ते वाचलेही जात नाहीत. किंमत हा मजकूर आणि टपालखर्च ही तळटीप, अशीच आपली समजूत असते. गेल्या वीस वर्षांत, निदान एका क्षेत्रात, ही तळटीप मजकुरापेक्षा मोठी झाली आहे. हे क्षेत्र आहे ध्वनिमुद्रिकांच्या संग्रहाचे. परदेशातून एखादी जुनी तबकडी मागवणाऱ्याला आज अनेकदा तबकडीपेक्षा तिच्या प्रवासाचे पैसे जास्त मोजावे लागतात. हा प्रश्न वरवर पाहता चार छंदिष्टांचा वाटेल. परंतु नाट्यसंगीत, भावगीत, कीर्तन, पोवाडा यांच्या इतिहासाशी ज्यांचा संबंध येतो त्या सर्वांचा तो प्रश्न आहे, असे आम्हांला वाटते. कारण या परंपरांचा विसाव्या शतकातील बराचसा पुरावा कागदावर नसून तबकडीवर आहे, आणि तबकडी ही वजन असलेली वस्तू आहे.

ध्वनिमुद्रिकेच्या इतिहासाचा विचार करताना आपण गायक, राग, यंत्र आणि कंपनी यांचा विचार करतो; वाहतुकीचा करीत नाही. वास्तविक भारतातील ध्वनिमुद्रणाचा आरंभच समुद्रप्रवासाने झाला. ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गाइसबर्ग १९०२ च्या अखेरीस आगबोटीने कोलकात्यास पोहोचला. तेथे त्याने पाचशेहून अधिक ध्वनिमुद्रणे केली. गौहरजान हे त्यांतील सर्वांत गाजलेले नाव. परंतु मेणावर घेतलेल्या या ध्वनिमुद्रणांच्या तबकड्या करण्याची सोय भारतात नव्हती. ती मेणे जर्मनीत हॅनोव्हरला गेली, तेथील कारखान्यात तबकड्या दाबल्या गेल्या आणि १९०३ मध्ये त्या विक्रीसाठी भारतात परत आल्या. कोलकात्यात गायलेला आवाज कोलकात्यात ऐकण्यासाठी सुवेझ कालव्यातून दोनदा गेला.

गौहरजान गाण्याच्या शेवटी इंग्रजीतून आपले नाव सांगते, हे अनेकांना ठाऊक असते. त्याकडे आपण त्या काळच्या गायिकेचा ठसका म्हणून कौतुकाने पाहतो. पण त्या उद्गाराचा संबंध हॅनोव्हरशी जोडला जातो. तिथल्या कारागिरांना हिंदुस्थानी भाषा आणि आवाज ओळखता येत नसत; कोणते मेण कोणाचे हे कळावे म्हणून ध्वनिमुद्रणाच्या शेवटी नाव उच्चारण्याची पद्धत पडली, असे मानले जाते. तसे असेल तर आपल्या ध्वनिमुद्रित संगीतातील ही पहिली प्रसिद्ध स्वाक्षरी म्हणजे एका अर्थाने पार्सलावर लिहिलेला पत्ता आहे.

१९०८ मध्ये कंपनीने कोलकात्यात सियालदह येथे कारखाना सुरू केला आणि तिच्या तबकड्या इथेच तयार होऊ लागल्या. पण सर्व कंपन्यांची सोय अशी झाली नाही. ओडिऑन या जर्मन कंपनीच्या तंत्रज्ञांनी १९०६ च्या अखेरीस कोलकात्याहून निघून बनारस, लखनौ, लाहोर, जयपूर, अजमेर असा फेरा करीत मुंबई गाठली. त्यांची सुमारे सातशे ध्वनिमुद्रणे बर्लिनला दाबली जाऊन जहाजाने परत आली. पहिले महायुद्ध पेटले, जर्मन मालावर बंदी आली आणि ओडिऑनला येथील गाशा गुंडाळावा लागला. कंपनी १९३० च्या दशकात परत आली. मुंबई आणि मद्रास या शाखांमधून तिने हजारो गाणी काढली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तोही अध्याय संपला. कोणता गायक ऐकू येणार आणि कोणता नाही, हे ठरवण्यात रसिकांच्या पसंतीइतकाच समुद्रमार्गांचाही वाटा होता, हे यावरून स्पष्ट व्हावे.

या देवघेवीची दुसरी बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे. जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेपासून होत. लाख, दगडाची पूड आणि काजळी यांचे ते मिश्रण. जगाला लागणाऱ्या लाखेचा मोठा हिस्सा छोटा नागपूरच्या जंगलांतून जाई. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली ती याच महत्त्वामुळे. म्हणजे पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवरची लाख जहाजातून बाहेर जात होती आणि त्यातली काही गाणे होऊन परत येत होती. दुसऱ्या महायुद्धात हा मार्ग असुरक्षित झाला तेव्हा, एप्रिल १९४२ मध्ये, अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी लागणाऱ्या लाखेच्या वापरात ७० टक्के कपात केली. न्यूयॉर्कमध्ये कोणते गाणे निघणार हे काही काळ हिंदी महासागरातील जहाजांवर अवलंबून होते.

१९४८ मध्ये लाँगप्ले तबकडी बाजारात आली. तिच्यामुळे ऐकण्याची रीत बदलली याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ती पाठवण्याची रीतही बदलली याविषयी फारसे नाही. लाखेची दहा इंची तबकडी साधारण दोनशे ग्रॅमची, दोन्ही बाजू मिळून सहा-साडेसहा मिनिटांची आणि काचेसारखी ठिसूळ. व्हिनाइलची बारा इंची तबकडी सव्वाशे ते एकशे ऐंशी ग्रॅमची, चाळीस मिनिटांची आणि वाकली तरी न फुटणारी. मिनिटामागे वजनाचा हिशेब केला तर संगीत सुमारे दहापट हलके झाले. तबकडी ही पोस्टाने पाठवता येण्याजोगी वस्तू झाली ती तेव्हापासून.

ही वस्तू ज्या व्यवस्थेतून जात होती तिचा इतिहास त्याहून जुना आहे. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी बर्न येथे २२ देशांनी टपालाचा करार केला. त्यातून उभ्या राहिलेल्या विश्व टपाल संघात भारत १८७६ मध्ये दाखल झाला. कराराचे तत्त्व साधे होते. ज्या देशात पत्र टाकले त्या देशाने तिकिटाचे पैसे ठेवावेत, ज्या देशात ते पोहोचले त्याने ते विनामूल्य वाटावे. कारण प्रत्येक पत्राला उत्तर येते आणि हिशेब आपोआप फिटतो. या तत्त्वामागे पत्रव्यवहाराची संस्कृती गृहीत होती. पत्रांच्या जागी नियतकालिके आणि वस्तू जाऊ लागल्या तेव्हा हे गृहीतक ढासळले, कारण मासिकाला उत्तर येत नाही. १९६९ च्या टोकियो परिषदेत, जास्त टपाल पाठवणाऱ्या देशाने वाटपाचा मोबदला द्यावा, असा नियम झाला. तरीही हे दर प्रत्यक्ष खर्चापेक्षा बरेच कमी राहिले आणि त्या कमी दरांच्या सावलीत पुस्तके, मासिके व तबकड्या पुष्कळ वर्षे स्वस्तात फिरल्या.

संग्राहकांचे जग या सावलीत वाढले. जहाजाने जाणारे पार्सल दोन-तीन महिने घेई, पण परवडे. मेलबर्नचा संग्राहक मुंबईच्या संग्राहकाला यादी पाठवी, मुंबईचा त्याला तबकडी पाठवी. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची सिद्ध केली आणि ती १९९४ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेचे 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक देशोदेशीच्या वाचकांकडे जाऊ लागले. या मंडळींपैकी बहुतेकांना कोणी वेतन देत नव्हते. विद्यापीठांनी आणि शासनाने जे करायचे होते ते काम त्यांनी केले, आणि टपालखात्याने स्वस्त दराच्या रूपाने त्याला नकळत अनुदान दिले.

हे अनुदान टप्प्याटप्प्याने गेले. १४ मे २००७ रोजी अमेरिकी टपालखात्याने परदेशी जाणारे समुद्रमार्गी टपाल सर्वसामान्य ग्राहकांसाठी बंद केले. तबकड्यांचा आणि जुन्या पुस्तकांचा सर्वांत मोठा बाजार असलेल्या देशातून विमानाशिवाय मार्ग उरला नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनीव्हा येथे टपाल संघाची विशेष परिषद झाली. संघातून बाहेर पडण्याची नोटीस अमेरिकेने आधीच दिली होती. तिथे झालेल्या तडजोडीनुसार जुलै २०२० पासून अमेरिकेला आपल्याकडे येणाऱ्या छोट्या पार्सलांचे वाटपदर स्वतः ठरवण्याची मुभा मिळाली. मग इतर देशांसाठीही ती वाट खुली झाली. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे विमाने थांबली. परदेशी टपालाचा बराच भाग प्रवासी विमानांच्या पोटातून जात असल्याने प्रवासी थांबताच टपालही थांबले. भारताची नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी सेवा पूर्ववत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. दरम्यान, १ जुलै २०२१ पासून युरोपीय संघाने २२ युरोंपर्यंतच्या परदेशी मालाला असलेली करमाफी काढून टाकली. भारताने तर डिसेंबर २०१९ मध्येच भेटवस्तू म्हणून शुल्काविना येणाऱ्या मालाला, राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता, मनाई केली होती. शेवटी, २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरांपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी रद्द केली. शुल्क कोणी आणि कसे गोळा करायचे हेच स्पष्ट नसल्याने भारतीय टपालखात्याला २५ ऑगस्टपासून तिकडची पार्सले थांबवावी लागली. ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली.

यांतील एकही निर्णय तबकड्या डोळ्यांसमोर ठेवून घेतलेला नाही. स्वस्त कपडे, मोबाइलची आवरणे, खेळणी यांच्या लोंढ्याला आवर घालण्यासाठी यांतले बरेच निर्णय झाले. तबकडी त्या लोंढ्यात सापडली. शिवाय ती मोठ्या आकाराची. खाजगी कुरिअर कंपन्या वजनाबरोबर आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी आणि उंची यांचा सेंटिमीटरमधला गुणाकार करून त्याला ५००० ने भागायचे आणि येईल तेवढे किलो धरायचे, ही त्यांची नेहमीची रीत. लाखेची एक तबकडी सुखरूप पोहोचावी म्हणून ३५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि १० सेंटिमीटर उंच खोक्यात, भोवती मऊ भरण घालून ठेवली, तर या हिशेबाने दोनशे ग्रॅमच्या वस्तूचे भाडे २.४५ किलोंचे होते. काळजी घेणाऱ्याने हवेचे भाडे भरायचे, असा हा न्याय आहे.

या वाढीचा सर्वांत गंभीर परिणाम समजून घेण्यासाठी अर्थशास्त्राचा थोडा आधार घ्यावा लागेल. आर्मेन अल्चियन आणि विल्यम अ‍ॅलन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात एक सिद्धान्त मांडला. चांगल्या आणि साधारण मालावर वाहतुकीचा खर्च सारखाच पडत असेल, तर दूरच्या बाजारात चांगला माल तुलनेने स्वस्त होतो. म्हणून दूर जातो तो निवडक माल. देवगडच्या हापुसातला निवडक आंबा परदेशी जातो आणि डागी आंबा गावात राहतो, हे पाहिलेल्यांना सिद्धान्त निराळा समजावून सांगायला नको. आता तो तबकड्यांना लावू. समजा, एका गाजलेल्या तबकडीची किंमत ५० डॉलर आहे आणि एका अनोळखी तबकडीची ५ डॉलर. टपालखर्च नसेल तर पहिली दुसरीच्या दहापट महाग. दोन्हींवर २५ डॉलर टपालखर्च चढवला की त्या ७५ आणि ३० डॉलरांना पडतात. पहिली आता केवळ अडीचपट महाग. मागवणारा साहजिकच म्हणतो, एवढे पैसे द्यायचेच तर नावाजलेली तबकडी घेऊ. पाच डॉलरांची तबकडी जागची हलत नाही.

टपालाचा दर हा अशा प्रकारे वाङ्मयव्यवहारातल्या प्रतिष्ठेसारखा वागू लागतो. ज्याचे नाव आधीच आहे ते पुढे जाते. ज्याचे नाव नाही ते मागे राहते. साहित्याच्या इतिहासात मान्यवरांची यादी कशी तयार होते याची चर्चा आपण वर्गात करतो. पाठ्यपुस्तके, समीक्षक, पुरस्कार, प्रकाशनसंस्था ही कारणे सांगतो. त्या यादीत टपालखात्याच्या दरपत्रकाचा समावेश करण्याची वेळ आली आहे. बालगंधर्व किंवा अब्दुल करीम खाँ यांची तबकडी कितीही महाग पडली तरी कोणीतरी आणील, आणि त्यांच्या गाण्यांची पुनर्मुद्रणेही झाली आहेत. मागे राहतील त्या छोट्या नाटक कंपन्यांच्या दुय्यम नटांच्या, कीर्तनाच्या, पोवाड्यांच्या, विनोदी संवादांच्या तबकड्या. वडाळ्याच्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात 'यंग इंडिया' या नावाने तबकड्या काढल्या आणि अनेक नवोदित व हौशी कलाकारांना संधी दिली. त्या गाण्यांना पुनर्मुद्रणाचे भाग्य लाभले नाही. मूळ तबकडी हाच तिथे एकमेव पुरावा आहे.

पुरावा कशाचा, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी स्पष्ट केले पाहिजे. नाटकाच्या छापील प्रतीत पद पूर्ण असते. तबकडीवर ते तीन-साडेतीन मिनिटांत बसवलेले असते. कोणता चरण गाळला, कोणता शब्द बदलला, ध्रुवपद किती वेळा घेतले, कोणता वर्ण कसा उच्चारला, हे सर्व संहितेच्या इतिहासाचा भाग आहे. लेबलावर नाटकाचे नाव असते, कधी रागाचे असते, कधी दोन्ही नसतात. लेबलाजवळच्या मोकळ्या जागेतल्या साच्याच्या क्रमांकावरून एकाच पदाची दोन वेगळी ध्वनिमुद्रणे ओळखता येतात. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये, म्हणजे गाइसबर्ग येण्यापूर्वीच वारले. त्यांच्या गाण्याविषयी आपल्याजवळ केवळ आठवणी आहेत. भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत हयात होते, तरी त्यांचा आवाज आपल्याला ऐकता येत नाही. तबकडी नसणे म्हणजे काय हे मराठी रसिकाला नव्याने सांगायला नको. तबकडी असून ती येऊ न शकणे ही त्याच दुःखाची नवी तऱ्हा आहे.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. आवाज आता संगणकावरून क्षणात आणि फुकट जातो. मग वस्तूच्या प्रवासाची चिंता कशाला? आक्षेपात तथ्य आहे. ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दप्तरांसाठीच्या योजनेतून 'यंग इंडिया' आणि ओडिऑन या दोन्ही छापांच्या अनेक तबकड्यांचे अंकीकरण झाले, आणि त्यामागे वर उल्लेखिलेल्या मुंबईच्या संस्थेतील संग्राहकांचे श्रम होते. परंतु हे अंकीकरण शक्य झाले कारण कोणीतरी आधी त्या तबकड्या एकत्र आणल्या होत्या. फाइल प्रवास करते हे खरे. ती तयार होण्यापूर्वी तबकडीला जाणकाराच्या हाती जावेच लागते. पाच डॉलरांची तबकडी त्या हातांपर्यंत पोहोचली नाही, तर तिची फाइलही होणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. महाग टपालामुळे भारतातल्या तबकड्या बाहेर जाणे कमी होईल, हा लाभच नाही काय? स्वस्ताईच्या काळात मुंबईच्या चोरबाजारातून पुष्कळ काही परदेशी गेले, हे नाकारता येत नाही. तथापि वस्तू देशात राहणे आणि जतन होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिऱ्हाईक नसलेली तबकडी संग्रहालयात जात नाही, भंगारात जाते. शिवाय दार दोन्ही बाजूंनी लागते. बाहेर गेलेल्या तबकड्या परत येण्याची वाटही त्याच दराने बंद होते. उत्तर अमेरिकेत गेल्या साठ वर्षांत वसलेल्या मराठी कुटुंबांनी सोबत नेलेल्या लाँगप्ले तबकड्या आता तळघरांत आहेत. ती पिढी वृद्ध झाली; पुढच्या पिढीला त्या गाण्यांची भाषा येतेच असे नाही. अशी पेटी एखाद्या महाविद्यालयाला भेट देण्याची कोणाची इच्छा असली, तरी वीस किलो वजनाचे भाडे आणि इकडचे सीमाशुल्क ऐकून ती इच्छा तिथेच थांबते.

संग्राहकांनी यातून मार्ग काढले आहेत. पाच-सहा जण मिळून एकच मोठे पार्सल मागवतात. सीडीची प्लास्टिकची डबी टाकून केवळ चकती आणि पुस्तिका पाठवायला सांगतात. परदेशाहून येणाऱ्या आप्ताच्या २३ किलोंच्या सामानात चार तबकड्यांची जागा मागतात. ही युक्ती आहे, व्यवस्था नव्हे. ज्याचे आप्त परदेशी आहेत त्यालाच ती लाभते. नव्या तबकड्यांचीही काही वर्षे हीच तऱ्हा होती. भारतातला जुना उद्योग बंद पडल्यानंतर हिंदी चित्रपटगीतांच्या नव्याने निघालेल्या लाँगप्ले युरोपातल्या कारखान्यांत दाबून इकडे आणल्या जात. हॅनोव्हरचा फेरा जणू पुन्हा सुरू झाला होता. २०२४ मध्ये मुंबईत तबकड्या दाबण्याचा कारखाना नव्याने उभा राहिला ही म्हणूनच समाधानाची गोष्ट. परंतु नवा कारखाना जुनी तबकडी परत आणू शकत नाही.

टपालाचे दर आम्ही किंवा आमचे वाचक कमी करू शकत नाही. पण जी तबकडी अद्याप हाताच्या अंतरावर आहे, जिला पोचवायला एस.टी.चे तिकीट पुरते, तिच्याकडे तरी आपण पाहायला हवे. मराठी विभागांत बोलींचे शब्द गोळा करण्याचे, हस्तलिखितांच्या नोंदी करण्याचे प्रकल्प विद्यार्थ्यांना दिले जातात. त्यांत गावच्या, आजोळच्या घरातल्या तबकड्यांची नोंद हा एक प्रकल्प सहज बसेल: दोन्ही लेबलांची छायाचित्रे, साच्याचे क्रमांक, पदाचे पहिले शब्द, गायकाचे नाव. त्याला खर्च नाही. एखादी तबकडी कोठे आहे हे निदान माहीत असले, तर ती आज हलवता आली नाही तरी उद्या शोधता येईल. सूचीला वजन नसते आणि ती पाठवायला भाडे पडत नाही. किनियर यांच्यासारख्यांनी स्वस्त टपालाच्या काळात हे काम परदेशात बसून केले. महाग टपालाच्या काळात ते इथे बसून करणे आपल्याला अवघड वाटू नये.